ओआरएम साधनांची तुलना : एसक्यूएल कोण रचते आणि ते कोणाला दिसते?

तक्तेवाला (धागाकर्ता)

ओआरएम म्हणजे प्रोग्राममधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधली टेबले यांची सांगड घालणारे साधन. त्यावरच्या चर्चा बहुतेक वेळा 'ओआरएम वापरावे की थेट एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न व आज्ञा देण्याची भाषा) लिहावे' या प्रश्नापाशी सुरू होतात आणि तिथेच अडकून पडतात. कोणतेही ओआरएम घेतले तरी डेटाबेसपर्यंत अखेर एसक्यूएलच पोहोचत असल्यामुळे हा प्रश्न मला पोकळ वाटतो. साधनांची तुलना करायची असेल, तर ते एसक्यूएल कोण रचते, कोणत्या क्षणी रचते आणि पाठवले जाण्यापूर्वी ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला दिसते का, हे विचारावे. आणि तेही वाचन व लेखन या दोन कामांसाठी वेगवेगळे विचारावे, असे माझे मत आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९७० साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडले आणि १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झालेल्या भाषेची पहिली मांडणी प्रसिद्ध केली. या मॉडेलमध्ये दोन टेबलांमधला संबंध फक्त मूल्यांच्या जुळण्यावर उभा असतो, तो दोन्ही दिशांनी सारखाच वाचता येतो आणि प्रत्येक क्वेरीचे (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे) उत्तर पुन्हा एक टेबलच असते. ऑब्जेक्टचे तसे नाही. तिथे एक ऑब्जेक्ट दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्या बोटाला दिशा असते, आणि मेमरीत कोणते ऑब्जेक्ट आणायचे व कोणते नाही हे आधी ठरवावे लागते. ही जी सांधेजोड करावी लागते, ती वेगवेगळ्या साधनांनी वेगवेगळ्या ठिकाणी केली आहे.

जावामधले हायबरनेट २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी सुरू केले. पायथनमधले एसक्यूएल-अल्केमी माइक बायर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ही दोन्ही साधने ऑब्जेक्टच्या स्थितीवर लक्ष ठेवतात आणि कामाच्या शेवटी, काय बदलले ते पाहून, स्वतः एसक्यूएल रचतात. रूबी भाषेतील रेल्स या वेब चौकटीतले अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड आणि पायथनमधल्या जँगो या वेब चौकटीचे ओआरएम यांत ऑब्जेक्ट म्हणजे जवळजवळ टेबलातील एक ओळच असते, आणि 'सेव्ह' म्हटले की त्या क्षणी एसक्यूएल जाते. तिसऱ्या बाजूला मायबॅटिस, डॅपर, जूक, एसक्यूएल-सी अशी साधने आहेत, ज्यांत एसक्यूएल माणूसच लिहितो किंवा त्याच्या अगदी जवळचे काही लिहितो, आणि साधन फक्त उत्तराच्या ओळी ऑब्जेक्टमध्ये भरून देते. या शेवटच्या गटाला ओआरएम म्हणावे का यावर वाद होतो; तो या धाग्यात नको.

माझे निरीक्षण असे की पहिल्या दोन गटांचा खरा लाभ लेखनात आहे. एक नोंद आणायची, चार रकाने बदलायचे, सोबतच्या दोन टेबलांत भर घालायची आणि सगळे एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे एकत्र साठेल, नाहीतर काहीच नाही, अशा रीतीने) साठवायचे, हे काम हाताने एसक्यूएल लिहून करणे कंटाळवाणे आहे आणि कंटाळवाण्या कामात चुका होतात. वाचनात मात्र, विशेषतः अहवालांच्या वाचनात, ऑब्जेक्टची गरजच नसते. ग्रंथालयाच्या दंडाची महिन्यागणिक बेरीज हवी असेल, तर ती बेरीज कोणत्याही 'सभासद' ऑब्जेक्टची नसते. तिथे ऑब्जेक्टच्या भाषेतून एसक्यूएलकडे जाणे हा नुसता वळसा आहे. निरनिराळ्या भाषांत काम करणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

निळीशाई

मांडणी पटली, पण वाचनाबाबतचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जँगोमध्ये क्वेरीसेट हा एक अपूर्ण प्रश्न असतो. तो एका फंक्शनमध्ये तयार करून दुसऱ्यात गाळता येतो, तिसऱ्यात त्याला क्रम लावता येतो, आणि उत्तर प्रत्यक्ष वापरायला घेईपर्यंत डेटाबेसकडे काहीच जात नाही. 'या वापरकर्त्याला दिसू शकणाऱ्या नोंदी' ही अट एकदा लिहून तीच पन्नास ठिकाणी वापरता येते. एसक्यूएलमध्ये क्वेरीचे उत्तर टेबल असते हे खरे, पण क्वेरीचा मजकूर हा शेवटी मजकूरच असतो, आणि मजकुराचे तुकडे चिकटवून अटी जोडणे म्हणजे 'अँड' शब्द कुठे येतो आणि कुठे येत नाही याचा हिशेब ठेवत बसणे. शोधाच्या फॉर्मवर दहा ऐच्छिक रकाने असतील, तर हा फरक ताबडतोब कळतो. व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) आणि सीटीई (क्वेरीच्या आतच नाव देऊन लिहिलेली उपक्वेरी) यांनी थोडी मदत होते, परंतु वापरकर्त्याने कोणते रकाने भरले त्यानुसार बदलणारी क्वेरी त्यांच्यातून मिळत नाही.

उंबरठा

हायबरनेटवर बराच काळ काम केले आहे, म्हणून लेखनाच्या बाजूने लिहितो. धागाकर्त्याने लेखनाला ओआरएमचे बलस्थान म्हटले आहे. ते मान्य आहे. मात्र एसक्यूएल 'कोणत्या क्षणी' रचले जाते हा त्यांचाच प्रश्न तिथे सर्वांत जास्त डोके खातो.

एक उदाहरण घ्या. ग्रंथालयाच्या प्रणालीत ओळखपत्राच्या क्रमांकावर युनिक बंधन आहे, म्हणजे एकच क्रमांक दोन नोंदींना चालत नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जुनी नोंद काढून टाकायची आणि त्याच क्रमांकाची नवी नोंद घालायची आहे. जावाच्या कोडमध्ये आपण आधी काढण्याची आणि मग घालण्याची आज्ञा दिलेली असते. हायबरनेट मात्र या आज्ञा साठवून ठेवते आणि फ्लशच्या (साठलेल्या आज्ञा डेटाबेसकडे धाडण्याच्या) वेळी आपल्या ठरलेल्या क्रमाने पाठवते, ज्यात इन्सर्ट आधी, अपडेट नंतर आणि डिलीट सर्वांत शेवटी असते. परिणामी युनिक बंधन मोडल्याची तक्रार डेटाबेसकडून येते आणि कोड वाचणाऱ्याला ती अजिबात उमगत नाही, कारण कोडमधला क्रम बरोबर असतो. मध्ये स्वतः फ्लश करणे किंवा जुनीच नोंद अद्ययावत करणे हे उपाय आहेत. दोन्ही सोपे आहेत, पण ते सुचण्यासाठी खाली कोणते एसक्यूएल कोणत्या क्रमाने जाते हे डोळ्यांसमोर असावे लागते.

दुसरी गोष्ट, एका सेशनमध्ये (हायबरनेटच्या कामाच्या एका सत्रात) एका ओळीचे एकच ऑब्जेक्ट असते. याचा लाभ असा की प्रोग्रामच्या दोन कोपऱ्यांत त्याच सभासदाच्या दोन विसंगत प्रती फिरत नाहीत. तोटा असा की त्याच सेशनमध्ये तीच क्वेरी पुन्हा चालवली, दरम्यान दुसऱ्या कोणी ती ओळ बदलली असली आणि डेटाबेसने नवी मूल्ये परत दिली असली, तरी हातात आधीचेच ऑब्जेक्ट जुन्या मूल्यांसह येते. नवे हवे असेल तर 'रिफ्रेश' सांगावे लागते.

तक्तेवाला

@उंबरठा, डिलीट शेवटी जाण्याचे उदाहरण नेमके आहे. त्याला जोडून एक मुद्दा मांडतो, जो तुलनेच्या कोष्टकांत क्वचित दिसतो : बदललेली नोंद साठवताना कोणते रकाने लिहिले जातात? जँगोचे 'सेव्ह', वेगळे काही सांगितले नाही तर, सर्व रकाने पुन्हा लिहिते. हायबरनेटही मूळ वर्तनात सर्व रकान्यांचे अपडेट पाठवते. अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड, एसक्यूएल-अल्केमी आणि डॉटनेटचे एन्टिटी फ्रेमवर्क कोअर फक्त बदललेले रकाने पाठवतात. समजा, एका कारकुनाने सभासदाचा पत्ता बदलला आणि त्याच वेळी दुसऱ्याने दूरध्वनी क्रमांक बदलला. पहिल्या प्रकारात नंतर साठवणारा दुसऱ्याचा बदल नकळत पुसून टाकतो. दुसऱ्या प्रकारात दोन्ही बदल टिकतात. हायबरनेटमध्ये आवृत्तीचा रकाना ठेवून ही टक्कर पकडता येते, रेल्समध्येही तशी सोय आहे, जँगोमध्ये मात्र ती अंगभूत नाही. हाताने एसक्यूएल लिहिणाऱ्याला 'सेट'च्या पुढे काय लिहिले ते दिसत असल्यामुळे हा प्रश्न निदान पडतो तरी.

उपलब्ध प्रतींची संख्या एकने कमी करायची असेल तेव्हा तर ऑब्जेक्टमध्ये आकडा आणून, वजा करून, परत साठवणे हे चुकीचेच आहे. ती वजाबाकी डेटाबेसमध्येच व्हायला हवी, आणि जँगोमधले 'एफ' एक्स्प्रेशन नेमके त्यासाठी आहे.

@निळीशाई, जोडता येणाऱ्या क्वेरीचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. तरीही त्याच जँगोमधले एक उदाहरण देतो, कारण त्यात चूक कोणताही इशारा न देता घडते. प्रत्येक सभासदाने किती पुस्तके नेली आणि त्याच्याकडून किती दंड जमा झाला, हे दोन आकडे एका यादीत हवे आहेत. क्वेरीसेटवर एक 'काउंट' आणि एक 'सम' लावला की काम झाले असे वाटते. आता एका सभासदाच्या तीन देवघेवी आहेत आणि दहा-दहा रुपयांच्या दोन दंडपावत्या आहेत. जँगो दोन्ही टेबले जॉइनने जोडते, त्यामुळे तीन गुणिले दोन अशा सहा ओळी तयार होतात. पुस्तके सहा दिसतात आणि दंड वीसऐवजी साठ रुपये दिसतो. 'डिस्टिंक्ट' (सारखी मूल्ये एकदाच धरणे) लावले की पुस्तके तीन होतात, म्हणून माणूस तोच उपाय दंडालाही लावतो, आणि मग दोन समान पावत्यांपैकी एकच धरली जाऊन दंड दहा रुपये येतो. जँगोच्या दस्तऐवजात ही सूचना दिलेली आहे, आणि उपाय म्हणून सबक्वेरी वापरता येते. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी हाताने दोन जॉइन लिहून ओळी मोजल्या आहेत, त्याला हे दस्तऐवज न वाचताही कळते. बाकीच्यांना हिशेबनीसाकडून कळते.

आडवीरेघ

डॉटनेटकडून थोडक्यात. एन्टिटी फ्रेमवर्क कोअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत लिंकमध्ये (डॉटनेटच्या भाषांतच क्वेरी लिहिण्याची सोय) लिहिलेल्या अटीचे एसक्यूएल करता आले नाही, तर ती अट प्रोग्राममध्ये लावली जात असे. म्हणजे सगळे टेबल ओढून आणायचे आणि मग गाळायचे. चाचणीच्या शंभर ओळींवर हे कोणाच्या लक्षात येत नाही. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून, अंतिम निवडीचा भाग सोडला, तर अशा ठिकाणी सरळ अपवाद फेकला जातो, म्हणजे चूक दाखवून काम थांबते. जुने प्रोग्राम मोडले म्हणून पुष्कळ ओरड झाली, पण माझ्या मते त्या साधनाने घेतलेला तो सर्वांत प्रामाणिक निर्णय होता. जे एसक्यूएल होऊ शकत नाही ते होत नाही असे सांगावे.

त्याच आवृत्तीने सोबतच्या याद्या एकाच मोठ्या जॉइनने आणायला सुरुवात केली आणि वर सांगितलेला ओळींचा गुणाकार इथेही दिसू लागला. उत्तर चुकत नसे, पण ओळींचा ढीग येत असे. पुढे ५.० मध्ये तीच क्वेरी तुकड्यांत पाठवण्याची सोय दिली गेली. डॅपर हे २०११ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोच्या चमूने बाहेर आणले, तेही तिथल्या लिंक-टू-एसक्यूएलच्या वाचनाचा वेग अपुरा पडल्यामुळेच.

निळीशाई

सहा ओळींचे उदाहरण मान्य. मात्र तेच जॉइन हाताने लिहिणारा नवशिका तीच चूक करेल, हेही मान्य व्हावे. ओआरएमने ती चूक निर्माण केलेली नाही, फक्त झाकली आहे.

एन-अधिक-एक क्वेरींचा विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. शंभर पुस्तकांची यादी दाखवताना प्रत्येकाचा लेखक वेगळ्या क्वेरीने आणला जातो आणि एका पानासाठी एकशे एक क्वेरी जातात, ही तक्रार सर्वांना पाठ आहे. जँगोमध्ये 'सिलेक्ट रिलेटेड' जॉइन करते आणि 'प्रीफेच रिलेटेड' दुसरी क्वेरी 'इन' यादीसह पाठवते. कोणते केव्हा, हे पुन्हा एसक्यूएलवरूनच ठरते : एकाकडे जाणारा संबंध असेल तर जॉइन, अनेकांकडे जाणारा असेल तर वेगळी क्वेरी. एसक्यूएल-अल्केमीमध्ये 'सिलेक्ट-इन' पद्धत पालक नोंदींच्या किल्ल्या (ओळख-मूल्ये) ५००-५०० च्या गटाने पाठवते, कारण 'इन' यादी अमर्याद वाढू देता येत नाही. ओरॅकलमध्ये ती मर्यादा अनेक वर्षे १००० होती.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती सोय म्हणजे आळशी वाचनाला (संबंधित नोंद कोडने हात लावल्यावरच आणण्याला) बंदीच घालणे. एसक्यूएल-अल्केमीमध्ये 'रेज-लोड' आहे, रेल्समध्ये ६.१ आवृत्तीपासून 'स्ट्रिक्ट लोडिंग' आहे. संबंध आधी मागवला नसेल आणि कोडने त्याला हात लावला, तर गुपचूप क्वेरी न पाठवता चूक दाखवली जाते. धागाकर्त्याच्या 'एसक्यूएल दिसते का' या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे : एसक्यूएल दिसत नसेल, पण ते निघाले आहे हे कळते.

उंबरठा

हायबरनेटमध्ये याची दुसरी बाजू आहे. घाबरून सगळीकडे 'जॉइन फेच' (सोबतची यादी त्याच क्वेरीत जॉइनने आणणे) लावणारे लोक असतात. त्यात पानागणिक वीस नोंदींची मर्यादा घातली, तर यादी जोडल्यामुळे वीस ओळी म्हणजे वीस सभासद उरत नाहीत. म्हणून हायबरनेट मर्यादा एसक्यूएलमध्ये न घालता सगळ्या ओळी आणते, मेमरीत मोजते, आणि लॉगमध्ये एक इशारा लिहिते. तो इशारा कोणी वाचत नाही. अशा वेळी चूकच फेकण्याची सेटिंग उपलब्ध आहे आणि ती प्रत्येक नव्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी चालू करावी.

पाटीपेन्सिल

मायबॅटिसवर चालणारी एक जुनी प्रणाली मी सांभाळतो. इथे एसक्यूएल एक्सएमएल फायलींत उघड्यावर असते, आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) ती फाइल वाचून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सुचवू शकतो, हे सुख मोठे आहे. पण हाताने लिहिलेले एसक्यूएल म्हणजे आपोआप सुरक्षित किंवा स्वच्छ एसक्यूएल, असा या धाग्याचा सूर होऊ नये म्हणून लिहितो. मायबॅटिसमध्ये हॅश चिन्हाने दिलेले मूल्य पॅरामीटर म्हणून बांधले जाते आणि डॉलर चिन्हाने दिलेले मूल्य मजकुरात जसेच्या तसे चिकटते. क्रम लावण्याच्या रकान्याचे नाव पॅरामीटरने देता येत नाही, म्हणून कोणीतरी तिथे डॉलर वापरतो, आणि ते नाव थेट ब्राउझरकडून येत असेल, तर एसक्यूएल इंजेक्शनचे (बाहेरच्याने आपले एसक्यूएल घुसवण्याचे) दार उघडते. एका चिन्हाचा फरक, आणि फाइल वाचताना नजर त्यावरून सहज घसरते. त्या जागी मान्य रकान्यांची यादी तपासूनच नाव पुढे जाऊ द्यावे.

शिवाय रकान्याचे नाव बदलले की एक्सएमएलमधील जुने नाव प्रोग्राम चालू झाल्यावरच सापडते. जूक आणि एसक्यूएल-सी या दोन साधनांचे मला त्याचसाठी आकर्षण वाटते. जूक डेटाबेसच्या रचनेवरून जावाचे वर्ग तयार करते, त्यामुळे चुकीचा रकाना कंपाइलच होत नाही. एसक्यूएल-सी उलट दिशेने जाते : आपण शुद्ध एसक्यूएल लिहायचे आणि त्यातून ते गो भाषेतील फंक्शन तयार करते. निळीशाई यांनी सांगितलेली दहा ऐच्छिक रकान्यांची क्वेरी मात्र एसक्यूएल-सीमध्ये फार अवघडल्यासारखी होते.

नवखीवाट

प्रश्न साधा आहे, रागावू नये. महाविद्यालयात एसक्यूएल शिकले, पण नोकरीत जँगोच वापरावे लागते. 'प्रत्येक शाखेतील सर्वाधिक वाचली गेलेली तीन पुस्तके' ही यादी क्वेरीसेटने काढावी की रॉ एसक्यूएलने?

तक्तेवाला

@नवखीवाट, रागावण्याचे कारण नाही. या प्रश्नात धाग्याचा बराच भाग आला आहे. एसक्यूएलमध्ये हे काम विंडो फंक्शनचे आहे : शाखेनुसार विभागून, वाचनसंख्येच्या उतरत्या क्रमाने ओळींना क्रमांक द्यायचे आणि क्रमांक तीनपर्यंतच्या ओळी ठेवायच्या. विंडो फंक्शनवर 'व्हेअर'मध्ये अट घालता येत नाही, म्हणून आतली क्वेरी क्रमांक देते आणि बाहेरची गाळते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही फंक्शने २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून आहेत, मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० पासून. जँगोने ती २.० मध्ये, म्हणजे २०१७ च्या अखेरीस घेतली, पण त्यांच्यावर गाळणी लावण्याची सोय २०२३ च्या ४.२ मध्ये आली. त्यामुळे तुमच्याकडे ४.२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर क्वेरीसेटने लिहा, नसेल तर रॉ एसक्यूएल लिहा आणि त्यात संकोच बाळगू नका. हायबरनेटने आपल्या भाषेत विंडो फंक्शने ६व्या आवृत्तीत आणली. जेपीए या जावातील ओआरएमसाठीच्या मानकाच्या भाषेत ती नाहीत. ओआरएमची भाषा एसक्यूएलच्या मागून चालते, कधी दोन वर्षे, कधी पंधरा.

विषयांची उपविषयांसह वर्गवारी हवी असेल, म्हणजे रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा वापरणारी) सीटीई लागणार असेल, तर जँगोमध्ये अंगभूत सोय नाही, बाहेरचे पॅकेज किंवा रॉ एसक्यूएल हाच मार्ग. एसक्यूएल-अल्केमीमध्ये ती सहज लिहिता येते, कारण तिथे 'कोअर' हा थर मुळात एसक्यूएलचीच रचना पायथनमध्ये मांडतो आणि ओआरएम त्याच्यावर उभे आहे. मला निवडीची मोकळीक असेल तर मी याच एका कारणासाठी एसक्यूएल-अल्केमी घेतो : खालच्या थरावर उतरलो तरी साधन सोडावे लागत नाही.

आडवीरेघ

एक छोटी भर, मराठी नोंदी ठेवणाऱ्यांसाठी. 'ऑर्डर बाय' लिहिले की क्रम ओआरएम लावत नाही, डेटाबेसचे कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) लावते. निव्वळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार क्रम लागला तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'च्या नंतर नाही. पोस्टग्रेस १० पासून आयसीयू या युनिकोड लायब्ररीची भाषानिहाय कोलेशने वापरता येतात आणि जँगो ३.२ पासून ते रकान्याच्या व्याख्येतच सांगता येते. सभासदांची छापील यादी द्यायची असेल, तर हे आधी तपासा.

नवखीवाट

आभारी आहे. आमच्याकडे ४.२ आहे. क्वेरीसेट लिहून त्याचे एसक्यूएल छापून पाहिले, तेव्हा आतली आणि बाहेरची क्वेरी वेगळी दिसली. दोन पुस्तकांची वाचनसंख्या समान असेल तर काय करायचे, एवढे राहिले.

तक्तेवाला

ते ग्रंथपालांना विचारा. समान संख्येची सर्व पुस्तके हवी असतील तर 'रँक' वापरा, म्हणजे यादीत कधी चार पुस्तके येतील. नेमकी तीनच हवी असतील तर 'रो नंबर' वापरा, आणि क्रमात वाचनसंख्येनंतर पुस्तकाचा दाखल क्रमांक जोडा. तो जोडला नाही, तर बरोबरीतल्या पुस्तकांपैकी कोणते वर येईल याची डेटाबेस हमी देत नाही आणि तीच यादी दोन वेळा काढली असता वेगळी येऊ शकते.